चुकांचें व्याकरण

एखाद्या विद्यालयाची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे त्याच्या नामांकित विद्यार्थ्यांची यादी वाचून दाखवावयाची, हा जुना प्रघात आहे. न्यूयॉर्क शहरच्या सिटी कॉलेजासंबंधानें तर ही यादी इतक्या वेळां वाचली गेली आहे कीं ऐकणारांस ती पाठ झाली असावी. पोलिओवरील लस शोधून काढणारे जोनास साल्क तेथलेच. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर आणि बर्नार्ड मॅलमड तेथलेच. आल्फ्रेड केझिन आणि आयर्व्हिंग हौ हे टीकाकारहि तेथलेच. आम्ही आज ज्या पुस्तकाविषयीं लिहिणार आहों तें या यादीच्या अगदीं दुसऱ्या टोकाकडून लिहिलेलें आहे. ज्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत येणार नव्हतीं, ज्यांस धड एक वाक्य लिहितां येत नाहीं असें त्यांच्या गुरुजनांचेंच म्हणणें होतें, अशा मुलांचे सुमारें चार हजार निबंध वाचून एका बाईंनीं तें सिद्ध केलें. मिना शॉनेसी यांचें ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हें तें पुस्तक. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें तें १९७७ सालीं छापलें, आणि पुढच्याच वर्षीं ग्रंथकर्त्री कर्करोगानें वारल्या. व्याकरणाच्या चुकांवरील सुमारें तीनशें पानांच्या पुस्तकाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कां यावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, दुसऱ्याचें लिखाण वाचावें कसें हें शिकविणारीं पुस्तकें आमच्या पाहण्यांत फार थोडीं आहेत, आणि त्यांत हें एक आहे.

ज्या संस्थेंत तें जन्मलें तिची हकीकत सांगितल्यावांचून त्याची किंमत कळावयाची नाहीं. १८४७ सालीं टाउनसेंड हॅरिस या व्यापाऱ्याच्या खटपटीनें न्यूयॉर्कच्या मतदारांपुढें असा प्रश्न ठेवण्यांत आला कीं, शहराच्या खर्चानें, फी न घेतां, सामान्य लोकांच्या मुलांसाठीं एक उच्च विद्यालय काढावें कीं नाहीं. मतदारांनीं मोठ्या बहुमतानें होकार दिला आणि १८४९ त ‘फ्री अकॅडमी’ उघडली. (हेच हॅरिस पुढें अमेरिकेचे पहिले कॉन्सल-जनरल म्हणून जपानांत गेले, आणि १८५८ चा व्यापारी तह त्यांनींच जुळवून आणला, बंद दारें उघडण्याचा त्यांस छंदच असावा.) पहिले प्रमुख होरेस वेब्स्टर यांनीं उद्घाटनाच्या भाषणांत या कार्यास ‘प्रयोग’ हाच शब्द लावला. सगळ्या लोकांच्या मुलांस वरचें शिक्षण देतां येतें कीं नाहीं, आणि थोड्यांच्या नव्हे तर सर्वांच्या इच्छेनें चालणारें विद्यालय टिकतें कीं नाहीं, हें पाहावयाचें आहे, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. आपलें मुंबई विद्यापीठ याहून दहा वर्षांनीं, १८५७ त, निघालें. परंतु तें लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारें होतें, आणि तें काढावें कीं नाहीं हें कोणी लोकांस विचारलें नव्हतें.

फ्री अकॅडमीचें पुढें सिटी कॉलेज झालें. मुलींसाठीं १८७० त निघालेल्या नॉर्मल स्कुलास त्याचे आयरिश संस्थापक टॉमस हंटर यांचें नांव १९१४ त मिळालें. ब्रुकलिन कॉलेज १९३० चें, क्वीन्स कॉलेज १९३७ चें. १९६१ त या सर्वांस एका छत्राखालीं आणून ‘सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क’ ही संज्ञा देण्यांत आली, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत नवीं विद्यालयें इतक्या झपाट्यानें निघालीं कीं त्यांच्या नांवांवरूनच शहर कोठें चाललें होतें हें कळावें. दक्षिण ब्राँक्समधील १९६८ चें विद्यालय पोर्तो रिकोचे शिक्षणज्ञ हॉस्टोस यांच्या नांवाचें, आणि तेथें स्पॅनिशमधूनहि शिकविण्याची सोय. ब्रुकलिनमधील १९७० चें मेडगर एव्हर्स यांच्या नांवाचें. १९६३ त मिसिसिपींत ज्यांचा खून झाला तेच हे नागरिक-हक्कांच्या लढ्याचे पुढारी. आज या छत्राखालीं पंचवीस संस्था आहेत आणि विद्यार्थी दोन लाखांहून अधिक आहेत.

आतां त्या नामांकितांच्या यादीकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर कोलंबियासारख्या खाजगी विद्यापीठांनीं ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशास गुपचूप मर्यादा घातली, तेव्हां पूर्व युरोपांतून आलेल्या शिंप्यांचीं आणि फेरीवाल्यांचीं हुशार मुलें या फुकट विद्यालयांत लोटलीं. १९०७ पासून तें हार्लेममधील एका टेकडीवर, काळसर दगडाच्या गॉथिक इमारतींत आहे. त्याच टेकडीच्या कण्यावर थोडें दक्षिणेस कोलंबिया आहे, जेथें १९१३ ते १९१६ पर्यंत डॉ. आंबेडकर शिकत होते; तेव्हां हा परिसर मराठी वाचकांस अगदींच परका नाहीं. सिटी कॉलेजच्या जेवणघरांतले दोन कोनाडे वाङ्मयाच्या इतिहासांत जाऊन बसले आहेत. पहिल्या कोनाड्यांत स्टालिनविरोधी डावे, दुसऱ्यांत स्टालिननिष्ठ. घरून आणलेली भाकरी खात खात दिवसभर वादविवाद. हौ, डॅनिएल बेल, नेथन ग्लेझर, आयर्व्हिंग क्रिस्टल हे पहिल्या कोनाड्यांतले. क्रिस्टल यांचा त्या दिवसांवरचा लेख शॉनेसीबाईंचें पुस्तक ज्या वर्षीं निघालें त्याच १९७७ त प्रसिद्ध झाला. हौ यांचें ‘अ मार्जिन ऑफ होप’ हें आत्मवृत्त १९८२ चें. हें सारें लेखन चुरचुरीत आहे, आणि आम्हीं तें आवडीनें वाचलें आहे. परंतु त्यांत एक मोठें न्यून आहे. खरें शिक्षण वर्गांत नव्हे, कोनाड्यांत झालें, असा त्याचा एकंदर सूर. मग विद्यालयानें केलें तरी काय? जीं मुलें येतांनाच वाद घालण्यास समर्थ होतीं त्यांस त्यानें फुकट बांकें पुरविलीं, एवढेंच या आठवणींवरून निष्पन्न होतें. आठवणी लिहिणारांच्या ध्यानांत ही गोष्ट आलेली दिसत नाहीं, कारण आपण आरंभीं कसें बोलत होतों हें ते विसरून गेलेले असतात.

केझिन मात्र तें विसरले नाहींत, आणि म्हणून या मंडळींच्या आत्मपर लेखनांत त्यांचें ‘अ वॉकर इन द सिटी’ (१९५१) आम्हांस श्रेष्ठ वाटतें. ब्राउन्सव्हिल या ब्रुकलिनच्या गरीब वस्तींतल्या शाळेविषयीं लिहितांना ते आपल्या तोतरेपणाविषयीं लिहितात. शाळेस हवी असलेली ‘सभ्य’ इंग्रजी ही घराच्या भाषेहून किती वेगळी, आणि ती न येणें म्हणजे जणूं कांहीं गुन्हाच, ही धास्ती त्यांच्या पानापानांतून जाणवते. पुढें जो मुलगा अमेरिकन गद्याचा अधिकारी टीकाकार झाला त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता! ज्या पिढीचा ‘सुवर्णकाळ’ म्हणून नंतरच्या पिढीच्या डोक्यावर मारला जातो, त्या पिढीलाहि कोणी तरी एके काळीं ‘यांस बोलतां येत नाहीं’ असें म्हटलें होतें, हें त्या पुस्तकावरून स्पष्ट होतें.

१९६९ च्या वसंत ऋतूंत हार्लेमच्या टेकडीवर वादळ झालें. भोंवतालची वस्ती काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांची, आणि विद्यालयांत मात्र त्यांचीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. तेव्हां एप्रिलमध्यें त्या समाजांच्या विद्यार्थ्यांनीं दक्षिणेकडील आवार अडवून धरलें आणि पांच मागण्या पुढें केल्या. अध्यक्ष ब्यूएल गॅलघर यांस त्या गडबडींत पद सोडावें लागलें. पण त्यांतून निष्पन्न झालें तें मोठें होतें. शहरांतील माध्यमिक शाळेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या विद्यालयांत जागा मिळेल, असें धोरण १९७० च्या शरदांत अंमलांत आलें. आदल्या वर्षीं पहिल्या वर्गांत सुमारें वीस हजार विद्यार्थी होते, ते एकदम पस्तीस हजार झाले. इमारती त्याच, शिक्षक बहुतेक तेच, आणि वर्ग भरले ते अशा मुलांनीं कीं ज्यांस बारा वर्षांच्या शाळेंत कोणीं एक पानभर लिहावयास लावलें होतें कीं नाहीं याचा संशय यावा.

शॉनेसीबाई या कामावर १९६७ पासूनच होत्या. साउथ डकोटांतील लीड या सोन्याच्या खाणीच्या गांवांत त्या वाढल्या, शिक्षण नाट्यकलेचें. त्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंतला एक प्रसंग वाचकाच्या मनांतून जात नाहीं. जुनाट वर्गखोलींत मुलांनीं नुकतेच लिहून दिलेले निबंध घेऊन त्या एकट्याच बसल्या आहेत. काम किती पडेल याचा अंदाज घ्यावा म्हणून वाचूं लागतात, आणि लिखाण इतकें असंबद्ध कीं काय बिघडलें आहे याची वर्गवारीहि त्यांस करतां येत नाहीं; पुन्हा पुन्हा तेच कागद वाचीत त्या हताश बसून राहतात. पुस्तकाचा पुढला सगळा विस्तार म्हणजे त्या खोलींतून बाहेर पडण्याची वाट आहे. हस्ताक्षर आणि विरामचिन्हें, वाक्यरचना, नेहमींच्या चुका, वर्णलेखन, शब्दसंग्रह, वाक्यापलीकडील मांडणी, आणि शेवटीं अपेक्षा, अशीं प्रकरणें एखाद्या क्रमिक पुस्तकासारखीं मांडलीं आहेत. मथळे पाहून कोणीहि तें मिटून ठेवील. परंतु आंत शिरल्यावर दिसतें तें असें कीं ही बाई पोरांच्या त्या फाटक्या वाक्यांकडे तशाच आदरानें आणि चिकाटीनें पाहत आहे, जशा आदरानें आमचे पंडित दुर्बोध पोथीकडे पाहतात. पाठ अशुद्ध दिसला म्हणजे पंडित तो एकदम खोडीत नाहीं. लेखनिकानें असें कां लिहिलें असावें, असें तो विचारतो. शॉनेसीबाईंचा सगळा मार्ग हाच आहे.

एक उदाहरण घ्यावें. इंग्रजींत नामाचें अनेकवचन करण्यास ‘एस्’ लावतात, आणि क्रियापदास ‘एस्’ लावतात तो मात्र कर्ता एकवचनी असतां. ज्याच्या घरच्या बोलींत क्रियापदाचा हा प्रत्यय वापरांत नाहीं, त्यानें शाळेंत ऐकलें कीं ‘एस्’ विसरूं नये. मग कर्ता अनेकवचनी दिसला कीं तो क्रियापदासहि ‘एस्’ लावतो. तपासनीस तांबडी शाई ओढतो आणि ‘निष्काळजी’ असा शेरा मारतो. वस्तुतः तो मुलगा नियम पाळण्याची शिकस्त करीत आहे. वाक्यरचनेच्या प्रकरणांत याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली आहे. मुलांचीं वाक्यें मोडतात तीं बहुधा तीं साधीं बोलूं पाहतात तेथें नव्हे. विद्वानांसारखें, पोटवाक्यें जोडून, जड शब्द वापरून बोलूं पाहतात तेथें मोडतात. म्हणजे मोडकें वाक्य हा महत्त्वाकांक्षेचा पुरावा ठरतो. आणि तासाभराच्या परीक्षेंत तेंच पहिलें वाक्य पुन्हा पुन्हा खोडून नव्यानें आरंभ करणाऱ्या, आणि शेवटीं जवळजवळ कोरा कागद देणाऱ्या मुलाची जी हकीकत आहे ती वाचून तर आमचा जीव कासावीस झाला. त्या मुलास सांगावयाचें कांहीं नव्हतें असें नाहीं. चूक होईल या भीतीनें त्याचा हात धरून ठेवला होता.

येथें आम्हांस आमची स्वतःची गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वीं आम्ही एका रात्रशाळेंत मराठी शिकवीत असूं. गिरणींतून सुटून येणारा एक विद्यार्थी ‘पाणी’स ‘पानी’ लिही, आणि ‘मन’ लिहावयाचें तेथें ‘मण’ लिही. आम्हीं त्याच्या वहीवर वर्षभर तांबड्या रेघा ओढल्या, आणि हा गृहस्थ दोन्हीकडून चुकतो म्हणून वैतागलों. त्याच्या बोलींत ‘ण’ नाहीं. शाळेंत तो लागतो हें त्यास कळलें होतें, पण कोठें लागतो हें आम्हीं सांगितलें नव्हतें. म्हणून बिचारा भीतीनें जेथें तेथें ‘ण’ पेरीत होता. हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं, शॉनेसीबाईंचें पुस्तक वाचल्यावर सुचलें. तो तोंपर्यंत शाळा सोडून गेला होता. आणि शुद्धाशुद्धाचा एवढा अभिमान आम्हीं तरी कोणत्या तोंडानें बाळगावा? हा लेख ज्या अनुस्वारांनीं भरलेला आहे ते १९६२ च्या नियमांनीं अशुद्ध ठरविलेले आहेत. आम्ही जुन्या वळणाचे म्हणून संपादक आम्हांस क्षमा करतात. गिरणींतल्या मुलास ती क्षमा मिळाली नाहीं.

पुस्तकाचे दोष न सांगतां स्तुतीच करीत राहिलों तर तें परीक्षण होणार नाहीं. बाई म्हणतात कीं चूक म्हणजे वाचकाच्या लक्षावर पडलेला फुकटचा भार. ती त्याची शक्ति खर्चविते आणि मोबदल्यांत अर्थ देत नाहीं. विचार मार्मिक आहे, पण यांतला वाचक कोण? तो बाईंनीं गृहीत धरलेला प्राध्यापक आहे. ‘पानी’ वाचतांना गिरणगांवांतल्या वाचकाची शक्ति मुळींच खर्च होत नाहीं. भार कोणावर पडावा हें कोणीं ठरविलें, हा प्रश्न पुस्तकांत दारापर्यंत येतो आणि परत जातो. जॉन राउझ यांनीं १९७९ सालीं आणि मिन-झान लू यांनीं १९९१ सालीं हाच आक्षेप वेगवेगळ्या शब्दांत घेतला: भाषेचें बाह्य रूप दुरुस्त केलें तर आंतला माणूस तसाच राहतो असें बाई धरून चालतात, परंतु विद्यालयाची भाषा उचलतांना मुलास घरच्या माणसांपासून किती दूर जावें लागतें याचा हिशेब त्या मांडीत नाहींत. आक्षेप खरा आहे. त्याच विद्यालयांत त्याच काळीं शिकवीत असलेल्या कवयित्री एड्रिएन रिच यांनीं १९७२ सालीं लिहिलेला ‘टीचिंग लँग्वेज इन ओपन अॅडमिशन्स’ हा निबंध शेजारीं ठेवून पाहावा. त्यांत व्याकरण थोडें आणि अस्वस्थता फार. शिकवितां शिकवितां आपलीच भाषेशीं असलेली सोयरीक कशी बदलली हें त्या सांगतात, आणि प्रमाण भाषा कोणाच्या हातांतलें हत्यार आहे हें विचारण्यास कचरत नाहींत. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा याहि तेव्हां त्याच टेकडीवर शिकवीत. इतक्या कवयित्री आणि कथालेखिका एकाच वेळीं प्राथमिक लेखनाचे वर्ग घेत असल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

तरीहि दोहोंत निवड करावयाची झाल्यास आम्ही शॉनेसीबाईंचेंच पुस्तक उचलूं. रिचबाईंचा निबंध वाचून अंतःकरण हलतें. परंतु उद्यां सकाळीं तीस वह्या समोर आल्या तर काय करावयाचें, हें त्यांतून कळत नाहीं. लूबाईंचा आक्षेप वाचून आम्ही शहाणे होतों. पण त्या मुलाच्या हातीं अजून कांहीं पडत नाहीं. त्याला नोकरीचा अर्ज लिहावयाचा आहे, दाव्याचा कागद वाचावयाचा आहे, आणि प्रमाण भाषा ज्यांच्या मालकीची नाहीं त्यांनाच तिची गरज अधिक असते. शॉनेसीबाईंनीं राजकारण बाजूस ठेवलें, हें खरें; पण त्यांच्या काळीं ‘हीं मुलें शिकण्यास नालायक आहेत’ असें मत विद्वानांच्या तोंडीं उघडपणें होतें, आणि हीं मंदबुद्धि नाहींत, नुकता आरंभ करणारीं आहेत, हें त्यांनीं मुलांच्याच वाक्यांचा पुरावा देऊन सिद्ध केलें. सभेंतल्या भाषणानें हें झालें नसतें.

पुस्तक बाहेर आलें तेव्हां त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. १९७५ त शहराची तिजोरी रिकामी झाली. १९७६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पगारास पैसे नाहींत म्हणून सगळें विद्यापीठ कांहीं दिवस बंद ठेवावें लागलें, आणि त्याच वर्षीं एकशें एकोणतीस वर्षें चालत आलेली फी-माफी संपली. सुखवस्तु घरचीं मुलें शिकत होतीं तोंपर्यंत नव्हे, गरीब ज्यू मुलें शिकत होतीं तोंपर्यंतहि नव्हे, तर काळ्या आणि पोर्तो रिकन मुलांची गर्दी झाल्यावर सहा वर्षांत फी आली, ही गोष्ट तेथील लोक अजून विसरलेले नाहींत. तिजोरी खरोखरच रिकामी होती, हें आम्हांस मान्य आहे. पण रिकाम्या तिजोरींतून आधीं काय काढून घेतात यावरूनहि शहराचें मन कळतें. जेम्स ट्रॉब यांच्या ‘सिटी ऑन अ हिल’ (१९९४) या पुस्तकांत पुढली कथा आहे. ट्रॉब वर्गांत जाऊन बसले आणि प्रामाणिकपणें लिहिते झाले. कित्येक मुलांची तयारी इतकी अपुरी कीं विद्यालयानें कितीहि केलें तरी तें तोकडेंच पडतें, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या निरीक्षणांत खोटें असें आम्हांस कांहीं आढळलें नाहीं. मात्र ते वर्गांत मागच्या बांकावर बसून मुलांकडे पाहतात. शॉनेसीबाई त्यांच्या वह्यांकडे पाहत होत्या, आणि या दोन जागांवरून दिसणारें दृश्य एक नाहीं.

१९९९ सालीं विश्वस्तमंडळानें चार वर्षांच्या विद्यालयांतून पूर्वतयारीचे वर्ग बंद करण्याचें ठरविलें. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं आतां दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत जावें, असा त्याचा अर्थ होता. अलीकडे तेथीलहि स्वतंत्र वर्ग मोडून मुलांस मुख्य अभ्यासक्रमांतच जादा साहाय्य देण्याची रीत आली आहे. या कॉलेजांपैकीं ब्राँक्स कम्युनिटी कॉलेज १९७३ पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या जुन्या आवारांत आहे. तेथें हार्लेम नदीच्या वरच्या कड्यावर स्टॅनफर्ड व्हाइट यानें बांधलेली एक लांब, अर्धवर्तुळाकार, खांबांची ओसरी आहे, आणि तींत थोर अमेरिकनांचे ब्राँझचे अर्धपुतळे ओळीनें मांडले आहेत: ग्रंथकार, सेनापति, संशोधक, अध्यक्ष. नव्या पुतळ्यांची निवड बंद पडून कित्येक वर्षें झालीं. त्याच आवारांतल्या वर्गांत, दिवसाचें काम आटोपून आलेलीं मुलें पहिला निबंध लिहावयास बसतात.